भरतीत अडकवण्याची नोकरी

ती. मामांस, समुद्रकाठच्या चिकट हातांनी साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींची धाप कमी झाली का? आमची खुशाली तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो, हाल आहेत.

लॉजवर मॅनेजरची जागा आहे, हवापालट होईल, असं तुम्हीच म्हणालात. हवा पालटली आणि अंगाला चिकटली. इथं कुलपं गंजतात, मिठाचं डबीतच पाणी होतं, सदरा वाळत घातला की आणखी ओला होऊन परत येतो. सौ. मात्र खुशीत. ती रोज सूर्यास्त बघते (मी पंख्याखालची जागा बघतो).

इथलं मोठं आकर्षण म्हणजे भोकाचा खडक. ओहोटीला वाळूवरून चालत जायचं. लाट आली की भोकातून कारंजं उडतं. गेल्या रविवारी मालकांनी पाहुणे माझ्या गळ्यात बांधले. मी खडकावर उभा राहून माहिती सांगत होतो. कोणी ऐकेना, म्हणून चिडलोही (ते सगळे माझ्या पाठीमागचं पाणी बघत होते). मागं वळलो तर भरतीनं वाट गायब. मला पोहता येत नाही हे मी मोठ्यानं जाहीर केलं, त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही. एका निवृत्त न्यायाधीशांनी माझा पट्टा धरला, मी त्यांचा. शेवटी मच्छीमारांनी होडीतून आणलं. किनाऱ्यावर सौ. उभी. नुसता माझा सदरा पिळत राहिली. तो माझ्या अंगातच होता.

नोकरी गेली, सुटलो, असं वाटलं. पण न्यायाधीश मालकांना म्हणाले, "इतकं जिवंत कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं." झालं. मालक मला म्हणाले, "आता दर रविवारी पाहुण्यांना असंच अडकवा. होडी आपण जरा उशिरा पाठवू." सगळ्यांत आधी मी घाबरायचं, एवढंच माझं काम. ते मला जमतं, हेच दुःख आहे.

आपला भाचा

ता. क. मामा, कृपा करून आजारी पडा. मालकांना फोन करून मला कायमचं बोलावून घ्या. दुखणं लांबणारं असावं, पण त्रासाचं नको.

पुन्हा ता. क. फोन रविवारनंतर करा. लॉजच्या धोबिणीची आई जन्मभर इथं राहिली, पण भीतीनं त्या खडकावर कधी गेली नाही. काल म्हणाली, "तुम्ही माझ्याइतकेच घाबरता. तुम्ही नेलंत तर येते."