फाट्यावरचं आपलं आवार

बाबा,

मला निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, तुम्हाला जाऊन तर त्याहून जास्त. तरी कुठे बैलबंडी दिसली की माझी नजर आधी बैलांवर जात नाही, चाकावर जाते. लाकडी चाक आणि त्यावर लोखंडी धाव असली तर बरं वाटतं, रबरी टायर असले तर उगाच राग येतो. आता बंड्याच दिसेनाशा झाल्या आहेत. तुमची आठवण यायला तेवढं एक निमित्त होतं, तेही गेलं, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे.

जाम गावाच्या अलीकडचा आपला फाटा मला अजून जसाच्या तसा दिसतो. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांची रांग, सगळी टिनाची आणि बांबूच्या ताट्यांची, एकमेकांच्या आधाराने कशीबशी उभी. आलुबोंड्याचं हॉटेल, सायकल स्टोअर, पंक्चरवाला, कटिंगचं दुकान. त्यांच्या टोकाला तुमची एवढीशी खोपटी, आत भाता आणि ऐरण, आणि पुढे हे भलंमोठं मोकळं आवार. एप्रिल-मे आला की देवळीपर्यंतच्या बंड्या आपल्याकडे लागायच्या. तुम्ही जमिनीत खुंटी ठोकता, तिला दोरी बांधून मातीत गोल आखता, त्या गोलावर गोवऱ्या रचता आणि त्यांच्यात धाव लाल होईपर्यंत तापवता. मग चौघं जण चिमट्यांनी ती उचलून चाकावर बसवतात, लाकूड धुरकटतं, आणि पाणी टाकायचं काम माझं. एकदा मी घाबरून अख्खी बादली एकाच बाजूला रिकामी केली आणि धाव तिरपी आवळली. सगळ्या शेतकऱ्यांसमोर तुम्ही माझ्यावर ओरडलात, "घाई कायची हाय वं तुले? चारी अंगानं टाक. लोखंडाले सबुरीनं घ्या लागते." ती धाव काढून पुन्हा तापवण्यात दिवस गेला, आणि मी भात्यामागे बसून रडले.

आरेखकाच्या कोर्सला मी नागपूरला निघाले तेव्हा तुम्ही मला गोल काढायचा एक परकार घडवून दिलात. दुकानातला हलका असतो, टिकत नाही, असं तुमचं म्हणणं. तुमचा परकार इतका वजनदार की पहिल्याच दिवशी कागद फाटला. होस्टेलवर आम्ही तो खिडकीला अडसर म्हणून लावायचो. तुम्हाला मात्र मी लिहिलं, परकार छान चालतो. ते खोटं सांगितल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्यानंतरच्या खोट्याबद्दल हे पत्र आहे.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. हमरस्ता रुंद करायचा, फाट्यावरची जुनी रांग काढून मागे सरकारी गाळे बांधायचे, ट्रकना थांबायला जागा करायची, असा आराखडा बांधकाम खात्यातल्या आमच्या ऑफिसात आला. ड्रॉइंग हॉलमध्ये बारा पुरुष आणि मी एकटी. हा फाटा माझ्या पायाखालचा आहे म्हणून मी तो नकाशा मागून घेतला, आणि मोठ्या ऐटीत घरी येऊन तुम्हाला सांगितलं. नियम साधा होता: ज्याच्या डोक्यावर छप्पर, त्याची जागा वापरातली, आणि छपराखाली जेवढी जागा तेवढाच गाळा. बाकी सगळी मोकळी जागा, म्हणजे सरकारच्या हातात. फाट्यावर हे आधीच सगळ्यांना ठाऊक झालं होतं. हॉटेलवाल्याने पुढे दहा हात टिन ओढलं, सायकलवाल्याने ताट्यांची भिंत घातली. हॉटेलवाला तुमच्याकडेही आला. "काकाजी, चार बल्ल्या गाडून ताट्या टाकून घ्या. सारेच टाकून राह्यले." मीही तेच म्हणाले. तुम्ही आम्हा दोघांकडे असं पाहिलंत जणू आमचं डोकं फिरलं आहे. "अन् खाली गोवऱ्या पेटवू काय? आगीवर कोणी छप्पर टाकते काय वं?" मग म्हणालात, "हे मोकळं नाई, हे कामाचं हाय. तू हाय नं तिथं, कागदावर दाखवजो."

मोजणी झाली तेव्हा काम नेमकं बंद होतं. पावसाळ्यात कोण धाव चढवतो? आवारात चिखल, आणि मोजणीच्या वहीत दोन शब्द, "जागा मोकळी". तरी ट्रेसिंगवर मी त्या जागी शाईने एक गोल काढला. खाली लिहायचे शब्द डोक्यात तयार होते: लोहारकाम, जागा वापरात. तेवढ्यात साहेब टेबलाशी आले, मागे दोन-तीन जण. त्यांनी गोलावर बोट ठेवलं. "हे काय आहे, विहीर आहे का? विहीर असली तर सोडावी लागेल. नीट सांगा." अगदी शांतपणे विचारलं हो त्यांनी. सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायचं काय होतं, माझे वडील तिथे चाकांना धावा चढवतात, एवढंच. पण मला आपल्या भात्याची, तुमच्या काळ्या हातांची लाज वाटली, बाबा. शब्द फिरवून लिहीत नाही, लाजच वाटली. "चुकून काढलं, सर," मी म्हणाले, आणि ब्लेड घेऊन सगळ्यांदेखत तो गोल खरवडून टाकला. ट्रेसिंगवरची शाई खरवडली की तिथला कागद पातळ होतो. उजेडासमोर धरलं की मला दिसायचं.

आवारावर ट्रक उभे राहू लागले. तुम्हाला आठ बाय दहाचा गाळा मिळाला, शटरचा. तिथे आग कशी पेटवणार? तुम्ही विळे, खुरपी, कडीकोयंडे मांडून बसलात. बंड्या आधी हिंगणघाटला जाऊ लागल्या, मग टायरच्या झाल्या. मी मनाची समजूत घालते की टायर येणारच होते, आपलं काम तसंही संपणारच होतं. पण ते तुमच्या आवारात, तुमच्या आगीजवळ संपायला हवं होतं. मी दिवाळीला घरी आले असताना तुम्ही मला एकदाच विचारलंत, ट्रककडे बघत, "तू काढलं होतं नं वं, आपलं आवार?"

"काढलं होतं, बाबा. साहेबानं खोडलं."

"मंग तुया काय दोष," तुम्ही म्हणालात. आणि पुढे जो येईल त्याला सांगत राहिलात, पोरगी तिथं होती म्हणून गाळा तरी भेटला. ते ऐकायला लागू नये म्हणून मी घरी येणं कमी केलं. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी नोकरीत गुंतली. दशक सरायच्या आत तुम्ही गेलात, त्या दिवशीही मी संध्याकाळी पोचले.

बाबा, तुम्ही त्या बादलीच्या वेळेसारखं सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडायला हवं होतं. त्यासाठी तुम्हाला खरं कळायला हवं होतं, आणि ते फक्त माझ्याजवळ होतं.

आई नव्वदीला टेकली आहे, माझ्याकडेच असते. अजूनही विषय निघाला की त्या साहेबाला शिव्या देते, "माया माणसाचं आवार खाल्लं त्यानं." साहेब भला माणूस होता, त्याने विचारलं तरी होतं. आज हे सगळं लिहायचं, तिला वाचून दाखवायचं आणि मगच जेवायचं, असं सकाळी ठरवून बसले. मघाशी ती भिंत धरत धरत दारापर्यंत आली. "कवाची काय लिहून राह्यली वं?"

पेन्शनचा अर्ज, म्हणून सांगितलं.