सगळ्यांच्या पुढे

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. माझी तब्येत झकास आहे. दिवसभर दुकानात बसून चष्म्यांची भिंगं घासायची आणि पोट वाढवायचं, हे आता बंद. दर रविवारी स्वयंसेवकांबरोबर डोंगरातल्या पायवाटा दुरुस्त करायला जातो. गवत काढतो, खचलेल्या पायऱ्यांना दगड लावतो. आमच्या प्रमुख बाई निवृत्त नर्स आहेत. चालताना त्या मला सगळ्यांच्या पुढे ठेवतात, बरं का!

पुढच्या महिन्यात सामान पाठीवर घेऊन तीन दिवस चालायचंय. सॅकचा पट्टा उसवलाय, ती सोबत पाठवतोय. तुझ्या मशीनवर दोन टाके मार.

लोभ वाढव, राग पट्ट्यात शिवून टाक.
तुझा धाकटा


१९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सॅक मिळाली. ती परत येणार नाही.

म्हणे सगळ्यांच्या पुढे! लहानपणापासूनची तुझी पुढे पुढे करायची खोड. तुला हृदयविकाराचा झटका येऊन अजून वर्ष झालं नाही. जिन्यात बसला होतास तेव्हाचा तुझ्या श्वासाचा आवाज माझ्या कानातून जात नाही. काल गिऱ्हाइकाच्या शर्टाला मी दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या, इतकं लक्ष उडालंय. डोंगरात काही झालं तर कोण उचलणार तुला? तरण्याताठ्या पोरांशी शर्यत लावून काय मिळवायचंय? आणि मला तरी तुझ्याशिवाय कोण आहे?

माझ्यावर लोभ असेल तर घरी बस.
तुझी ताई


२६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गैरसमज झाला, आणि तो व्हावा असंच मी लिहिलं होतं. आमच्यात सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतात. बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालायचं, म्हणजे कुणी मागे सुटत नाही. तर तुझा पुढे पुढे करणारा भाऊ ही गटातली गोगलगाय आहे.

गेल्या रविवारी चढावर धाप लागली, मी खाली बसलो. मागची अख्खी रांग बसली. बाईंनी नाडी पाहिली, पाणी दिलं, मग सगळे माझ्यामागून निघाले. हलकं ओझं चालेल असं डॉक्टर म्हणालेत, हवं तर त्यांनाच विचार. भीती मलाही वाटते गं. पण घरचा जिना चढताना जास्त वाटते, कारण तिथे मी एकटा असतो.

लोभ कर, आणि सॅक दे.
तुझा धाकटा


३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांना फोन केला. तू म्हणालास तेच त्यांनी सांगितलं, तरी मी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी ते वैतागले.

सॅक पाठवत नाही. पट्टा शिवलाय, आत जाड अस्तर घातलंय. परवा तिच्यात कापड भरून आमच्या इमारतीचा जिना चढून पाहिला. दुसऱ्याच मजल्यावर कठडा धरून उभी राहिले. शेजारीण विचारत होती, कुणाला बोलावू का.

भीती गेलेली नाही, ती जाणारही नाही. म्हणून उरलेल्या कापडातून एक छोटी सॅक माझ्यासाठी शिवली आहे. दोन्ही घेऊन रविवारी येते. तुमच्या बाईंना सांगून ठेव, पुढची जागा आता माझी. तू माझ्या पाठोपाठ चाल, म्हणजे तुझा श्वास मला ऐकू येत राहील.

लोभ असू दे, चाल हळू असू दे.
तुझी ताई