भिंतीवर लावायचा तितर

रावेन्ना,
गुरुवार, ३ नोव्हेंबर १९९४

प्रिय बाबा,

तुमच्या कपाळाला ओठ टेकवून सलाम. उम्मीलाही. मी बरी आहे. खोकला गेला. उम्मीने दिलेली हरिसाच्या तिखट चटणीची बाटली निम्मी संपली.

आधी एक दुरुस्ती. ९ ऑक्टोबरच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुम्ही खड्यांनी फरशीवर मांडलेला तितर आमच्या मोझाइकच्या कार्यशाळेत दारासमोरच्या भिंतीवर लावलाय आणि त्याखाली तुमचं नाव आहे. तसं नाही. शिकवणाऱ्या बाईंना मी तो दिलाच नव्हता. त्या पत्रातलं बाकी सगळं मी पुन्हा आठवून तपासलं. धुकं, सायकली, बाहेरून वीटभट्टीसारखी दिसणारी आणि आत पाऊल टाकलं की डोळे दिपवणारी चर्च, हे खरं आहे. एका चर्चच्या तळघरातल्या पाण्यात पोहणारे सोनेरी मासेही खरे आहेत, उम्मीला पटत नसले तरी. खोटं वाक्य एकच होतं. पण तुम्ही उत्तरात लिहिलंत की नेमकं तेच वाक्य तुम्ही आपल्या फरश्यांच्या आवारात सगळ्यांना वाचून दाखवलंत, आणि तुमच्या शेजारी बसणाऱ्या हम्मादीने सगळ्यांना चहा पाजला.

तितर कुठे आहे हे सांगायला मला जरा वेळ लागेल. रागावू नका. म्हणजे, रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

इकडे येताना बोटीवर दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं सोडून तो पाहिला. पाहिला तरी कसा? आवारातल्या सवयीने त्याच्यावरून तळहात फिरवला. लहानपणी तापातून उठल्यावर दोन वर्षं मी शाळेत गेले नाही, तेव्हा तुम्ही मला फुटक्या खड्यांनी वाळूत अक्षरं मांडून वाचायला शिकवलंत, आणि त्याच्या बदल्यात मी तयार फरश्यांवरून हात फिरवायचे. कुठे अडकला की तुम्ही तो खडा काढून पुन्हा बसवायचात. "दोरसाफचा हात म्हणजे माझी पातळी," असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात. तोच हात तितराच्या छातीवर अडकला. एक खडा वर, दुसरा खाली, तिसरा कलता. मला वाटलं, तुमचा हात थरथरायला लागला आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाही. मला रडू आलं. पण त्यात नुसती माया नव्हती बाबा. हे बाईंना कसं दाखवू, असाही विचार त्याच रडण्यात होता.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, "भिंतीवर लाव हं. खिडकीच्या बाजूला. जमिनीवरचं काम पायासाठी असतं, भिंतीवरचं डोळ्यासाठी." मी मान डोलावली होती. लक्ष सगळं पेटीच्या दोरीकडे होतं.

आमच्या बाई म्हणजे गिझेल्ली बाई. वय साठीच्या आसपास, सायकलवर येतात, हातोडी स्वतःची आणतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, घरात असेल नसेल ते खड्यांचं काम आणा, चांगलं-वाईट दोन्ही. कोराडो नावाचा इथलाच एक मुलगा आहे. त्याने एक चौकोन आणला: ससा, द्राक्षं, आणि खाली कोपऱ्यात आपल्या गावाचं नाव, 'एल जेम'.

"माझ्या आत्याने ट्युनिशियातून आणलाय," तो म्हणाला. "न्हाणीघरात लावला होता. गाढव आहे की ससा, यावर घरात अजून मतदान चालू आहे."

सगळे हसले. बाईंनी चौकोन उलटा केला, पाठ पाहिली. "कागदावर खळीने खडे पालथे चिकटवले, वरून सिमेंट ओतलं, कागद सोलला. दिवसाला डझनभर होतात. म्हणून हे असं सपाट आणि मेलेलं." मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने, "दोरसाफ, तुमच्याकडे हे कोण करतं गं?"

"असतात काही लोक," मी म्हटलं. "रस्त्याकडेला बसतात. आमचा काही संबंध नाही. माझे वडील शिक्षक आहेत."

मग मीही हसले. सगळ्यांत शेवटी, पण हसले.

त्या दिवशी घरी येताना मी मनाला समजावलं की हे अगदीच खोटं नाही, तुम्ही शिकवलंत, एका मुलीला का होईना. आणि आणखी एक गोष्ट आहे. त्या सशाचे कान तीन-तीन खड्यांचे होते, मधला काळा. असे कान आवारात कोण करायचं, तुम्हाला माहीत आहे. बसमधून उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी मी चौदाव्या वर्षापासून असे ससे शेकड्याने केले आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, "पोरी, घाई दिसते." हाच ससा माझा, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण वर्ग ज्याला हसला ते बहुतेक माझं काम होतं, आणि लाज मात्र मी तुमची बाळगली.

दोन आठवड्यांनी बाई आम्हाला आतून निळं छत असलेल्या एका लहानशा जुन्या इमारतीत घेऊन गेल्या. म्हणाल्या, "खाली बसा आणि डोकी डावीकडून उजवीकडे हलवा. वेड्यासारखी. लाजू नका." आम्ही बारा जण डोकी हलवत बसलो, आणि वरच्या खड्यांचं सोनं चालायला लागलं. प्रत्येक खडा मुद्दाम कलता बसवलेला. "सपाट भिंत एकदाच बोलते," बाई म्हणाल्या. "कलती भिंत दिवसभर बोलते." मी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली. आणि तेव्हाही मला तितर आठवला नाही. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. नाही, सगळ्यात जास्त नव्हे. ती पुढे आहे.

मी जिच्याकडे राहते ती नीवेसमावशी एकटी असते. मन मोठं, तोंड त्याहून मोठं. मी डुकराचं खात नाही म्हटल्यावर पहिल्या दिवशी म्हणाली, "अरेरे, मग तू जगतेस कशाला?" आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळा तवा ठेवला. ऑक्टोबरमध्येच एकदा खोली झाडताना तिला माझी पेटी सरकवता येईना. "दगड भरलेस का आत?" म्हणून तिने झाकण उघडलं आणि तितर हातात घेतला. मी घाबरले. ती आणि गिझेल्ली बाई जुन्या ओळखीच्या. मी पटकन म्हटलं, "घरचं आहे. तुमच्यासाठीच आणलंय."

तिला इतका आनंद झाला! गरम भांड्याखाली ठेवायचा तिचा लाकडी पाट जळका होता. तिने तितर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला आणि त्यावर कॉफीचं भांडं ठेवलं. बाबा, तो तिथे आहे. भांड्याखाली. तिने अनादराने नाही ठेवला, दिवसातून चार वेळा हात लागतो अशा जागी ठेवला. ते पाहत मी रोज न्याहारी केली.

परवा, १ तारखेला, इथे सगळे आपापल्या मृतांच्या कबरीवर शेवंती घेऊन जातात. मावशीच्या नवऱ्याची कबर आणि बाईंच्या आईची कबर शेजारी-शेजारी आहे. म्हणून बाई सकाळी फुलं घेऊन आमच्याकडे आल्या.

"बस गं, आधी कॉफी घे," मावशी म्हणाली. "मेलेले कुठे पळून जात नाहीत." भांडं ठेवलं, ते डुगडुगलं. "बघ ना, या पोरीच्या देशातली फरशी. दिसायला देखणी, पण भांडं काही स्थिर राहत नाही."

बाईंनी भांडं उचललं. रुमालाने डाग पुसला. त्यांनीही तळहात फिरवला, पण माझ्यासारखा नाही, आंधळ्याने चेहरा चाचपावा तसा. मग उठून खिडकीशी गेल्या आणि तितर भिंतीला टेकवून उभा धरला. धुकं नुकतंच विरलं होतं. ऊन आडवं आलं आणि त्याची छाती फुलली. खरंच फुलली, बाबा. बाई एक पाऊल सरकल्या तर ते पिसांतलं ऊन मानेपर्यंत चढलं.

"अगं बाई!" मावशी म्हणाली. "आणि मी यावर कॉफी सांडते?"

"कोणी केलं हे?" बाईंनी मला विचारलं.

उत्तर माझ्या तोंडात होतं. पण ते दिलं असतं तर शिक्षक वडील, रस्त्याकडेचे लोक, सगळंच उलगडलं असतं. मी म्हटलं, "तिकडे सूसच्या बाजारात घेतलं. करणारा कोण, माहीत नाही."

ही ती, सगळ्यात जास्त लाज.

बाईंनी तितर पुन्हा उन्हात धरला. मग म्हणाल्या, "तिथे कोणीतरी आहे, ज्याला हे येतं, आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही." १२ तारखेला कार्यशाळा गावासाठी खुली होणार आहे. तितर त्यांनी मावशीकडे मागून नेला, दारासमोरच्या भिंतीवर लावण्यासाठी. म्हणजे माझ्या खोट्या पत्रातल्याच जागी. खाली पाटी असेल: 'अज्ञात कारागीर'.

त्या गेल्यावर मावशीने मला हाताला धरून बसवलं. "मी म्हातारी आहे, बहिरी नाही. मला देताना 'घरचं' म्हणालीस, तिला 'बाजारचं'. कोणतं खरं?"

मी रडले, तेव्हा तिला कळलं.

"माझे वडील दलदलीत बेडूक पकडायचे," ती म्हणाली. "मी शाळेत सांगायचे, रेल्वेत आहेत. स्टेशनाबाहेर बसून ते विकायचे ना, म्हणून."

"मग?"

"मग काय. एक दिवस मैत्रिणींसोबत गाडीतून उतरले, वडिलांनी मला हाक मारली, आणि मी सरळ पुढे गेले. पुन्हा कधी त्यांनी मला चारचौघांत हाक मारली नाही. आता दर वर्षी शेवंती नेते. चांगली, महागातली." तिने डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "तुझे तर जिवंत आहेत ना? मग बसलीस काय?"

बाई त्याच दुपारी पादोव्याला गेल्या, एका कामासाठी. सोमवारी सकाळी येतील. पाट्या सोमवारी दुपारी छापायला जातात. मी सांगितलं तर काय होईल, ते मला माहीत आहे. हिवाळ्यात चर्चच्या परांचीवर चढून भिंतीचं काम करायला बाईंनी दोघांना निवडलंय, कोराडोला आणि मला. बाई नेहमी म्हणतात, चुन्यात आणि बोलण्यात भेसळ चालत नाही. ती जागा बहुधा जाईल. कोराडो काय म्हणेल तेही मला ऐकू येतंय. मी हे वर्गासमोर सांगणार आहे, कारण खोटं वर्गासमोर बोलले होते.

तुम्हाला विचारायचं आहे, ही कलती बसवणी तुम्ही कुठे शिकलात? मला कधी शिकवली नाहीत. की मी कधी विचारलंच नाही? आवारात सगळं आयुष्य पालथं काम केलंत, आणि हे तुमच्या हातात होतं.

पत्र पोचायला आठवडा लागतो. म्हणजे तुम्ही हे वाचाल तेव्हा एकतर पाटीवर तुमचं नाव असेल, किंवा मी तुमच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोललेली असेन. मुद्दामच आज टाकते आहे, परत घेता येऊ नये म्हणून. उम्मीला वाचून दाखवू नका. नाही, दाखवा. हम्मादीलाही दाखवा, चहा त्याने पाजला होता.

दर पत्राखाली मी 'तुमची मुलगी' लिहिते. आज नुसतं नाव लिहिते. ते दोन शब्द वर्गात मोठ्याने म्हटल्यावरच पुन्हा लिहीन.

दोरसाफ

वर्गासमोर उभी राहीन ती वेळ: सोमवार, ७ नोव्हेंबर, सकाळी साडेआठ.