खोकल्याला घातलेला हार

लालबाग, मुंबई
२० फेब्रुवारी १९५६

ती. नानामामांच्या चरणी गुणाजीचा दंडवत. तुमचा गुडघा आणि मामीचा मोतीबिंदू कसे आहेत ते कळवावं (गुडघ्याचं आधी, कारण तुम्हाला मुंबईला यायचं आहे). आमची बोट लागून तीन आठवडे झाले. पत्राला उशीर झाला, कारण खोकताना टाक हलायचा आणि कागदाची रांगोळी व्हायची.

झालं असं, की जावाच्या पलीकडे एका बेटावर ज्वालामुखी फुटला आणि आमच्या बोटीवर दोन दिवस राख पडत राहिली. खलाशांच्या मुकादमाने, म्हणजे सारंगाने, सगळ्यांना तोंडाला ओलं फडकं बांधायला लावलं. मी नाही बांधलं. स्वयंपाकी माणूस, तोंड बांधल्यावर आमटीची चव कशी घेणार? (आमटीही राखेचीच लागत होती, ती गोष्ट वेगळी.) तिसऱ्या दिवसापासून डोळे लालभडक आणि खोकला असा, की भांडी वाजावीत.

तशाच अवतारात मी सुभद्राताईच्या चाळीचा जिना चढलो. नेमका त्याच दुपारी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर डोंगरी भागात अश्रुधूर सोडलेला. समितीचं काम करणाऱ्या शेजारच्या धोंडूने माझे डोळे पाहिले आणि काय झालं म्हणून विचारलं. मी "डोंगर" म्हणालो, खोकलो, "राख" म्हणालो, पुन्हा खोकलो. झालं! धोंडू गॅलरीभर ओरडत सुटला, "अरे, ह्यो डोंगरीक होतो! थय सगळी राख झाली म्हणता!"

मी डोंगरी आयुष्यात पाहिलेली नाही, मामा. पण संध्याकाळी मला सभेत उभं करून हार घातला. खरं सांगायला तोंड उघडावं तर खोकला येई, आणि जितका खोकला जास्त तितक्या टाळ्या जास्त. पुढच्या रांगेत ठाकूरद्वारचे बाबुराव बसलेले. हे छापखान्यात आहेत, समितीचे कट्टर. ताईने त्यांच्या चंपाचं स्थळ मला आधीच सुचवलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे मला पोह्यांचं आमंत्रण दिलं.

त्यांच्या घरी पोह्यांची बशी मी तशीच खाली ठेवली. असल्या हारावर बायको आणायची म्हणजे चोरीचा माल. बाबुराव पान आणायला खाली उतरले तेव्हा मी धीर करून चंपाला म्हणालो, "हा अश्रुधूर नाही. माझ्या छातीत राख गेलीय."

ती घाबरून म्हणाली, "अगं बाई! कुणाची?"

"डोंगराची," मी म्हणालो. मग तिला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिलाच ठसका लागला. पण दुसऱ्या दिवशी, ती जिथे औषधं देते त्या दवाखान्यात, तिने मला डॉक्टरांपुढे बसवलं. डॉक्टर म्हणाले, ही चुलीतली राख नव्हे, दगड आणि काच कुटून केलेलं पीठ आहे. घसा खरवडतं, डोळ्यांत रुततं, दमेकऱ्याचा तर जीव घाबरा करतं. छातीचा फोटो काढला. तो पाहीपर्यंत मी चंपाकडे बघत नव्हतो, कारण क्षय निघाला असता तर बघून उपयोग नव्हता. फोटो स्वच्छ निघाला! नानामामा, मी दवाखान्यातच मोठ्याने हसलो, आणि महिन्यात पहिल्यांदा हसताना खोकलो नाही. आता बिडी बंद, वाफ चालू. चंपा 'हो' म्हणाली आहे.

तुमचा,
गुणाजी

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. बाबुराव अजून मला अश्रुधुराचा वीर समजतात आणि गल्लीभर सांगतात. त्यांना खरं सांगायचं धाडस मला होत नाही. तुम्ही वडीलधारे. गुडघा कसाही असो, या आणि सांगा.

ता. क. २. (हे चंपाने लिहिलं आहे.) मामांना नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. बाबांनी स्वतः दोनदा अश्रुधूर खाल्ला आहे. तो खोकला रात्रीपर्यंत जातो, दिवसेंदिवस राहत नाही, हे ते पोह्यांच्या दिवशीच मला म्हणाले. मुलगा स्वतःहून खरं बोलतो का, एवढंच बघायला ते पानाच्या निमित्ताने खाली उतरले, आणि जिन्यात उभं राहून सगळं ऐकलं. तुम्ही लग्नालाच या. यांना मात्र इतक्यात काही सांगू नका. बाबांना फार मजा येते आहे.