पाच नंबरच्या खोलीचं तापमान

सोमवार, २ तारीख

आलो एकदाचा! फळांचं शीतगृह गावाबाहेर आहे खरं, पण नोकरी माझी, खोली माझी आणि सर्व्हरही माझा. चालू असलेल्या चारही थंड खोल्यांची तापमानं आणि सगळी दारं एकाच पडद्यावर दिसली पाहिजेत, असं मालकांचं म्हणणं. तेही आपल्याच सर्व्हरवर, परक्याच्या नाही. माल उतरवून झाला की इथे चिटपाखरू नसतं. फाटकावर पहारेकरी, आत मी. एकटा जीव सदाशिव! माझ्या खोलीला लागूनची पाचवी खोली रिकामी आहे, मधलं दार अडकलंय, तिकडे फिरकू नका म्हणाले. माझ्या आधीच्या माणसाचा स्वेटर अजून खुंटीवर लटकतोय. टेबलावरच्या फोनवरून ताईला सगळं सांगितलं. तिने फक्त जेवलास का, एवढंच पुन्हापुन्हा विचारलं.

मंगळवार, ३

सकाळपासून सर्व्हरशी झटापट. आधी डेटाबेस रुसला, मग फाइलींच्या परवानग्या अडल्या. दुपारी कुठे घोडं गंगेत न्हालं आणि डॅशबोर्ड सुरू झाला. या ॲपची रीत अशी की सुरू झाल्यावर जो पहिला नाव नोंदवेल तो मुख्य, बाकीचे त्याच्या हाताखाली. त्यामुळे नाव नोंदवल्याशिवाय शहाणा माणूस खुर्ची सोडत नाही. मी चहा टाकायला उठलो. परत येऊन बघतो तर मुख्य नेमलेला! नाव: सोबत.

बाहेरची इंटरनेटची तार अजून जोडलीच नव्हती. इमारतीत दुसरा कॉम्प्युटर नाही. मालकांना विचारलं तर हसले, मला साधा माऊस धरता येत नाही म्हणाले. सगळं पुसून पुन्हा बसवायला हवं होतं. कंटाळा केला, आणि दुय्यम म्हणून माझं नाव घातलं.

गुरुवार, ५

दारांची कुलुपं सर्व्हरला जोडली. हौसेने टेबलावरचा फोनही त्यावरूनच नेला. चार खोल्यांचे चार हिरवे चौकोन, सगळीकडे दोन अंश. पाचवा चौकोन मी केला नव्हता, तो आपोआप आला. त्या खोलीत तापमापकच नाही. चौकोन म्हणतो: ३७.

कोपऱ्यात लिहिलंय, सध्या हजर: दोघं. घाबरायला हवं होतं. खोटं का लिहू, बरं वाटलं. पहारेकऱ्याखेरीज कोणाशी शब्द बोललो नव्हतो. टिपणाच्या चौकटीत नमस्कार लिहिला, मग लिहीतच सुटलो. इथे करमत नाही, रविवारी ताई भेटायला येणार आहे, असं काहीबाही. दुधाची तहान ताकावर. थोड्या वेळाने खाली उत्तर उमटलं. येऊ दे.

शुक्रवार

आधीच्या माणसाबद्दल पहारेकऱ्याला विचारलं. त्याने बिडी चपलेखाली विझवली.

"आत गेलेला पाहिला, साहेब. बाहेर आलेला नाही पाहिला."

मालक म्हणतात तो मागच्या दाराने पळाला. इमारतीला मागे दार नाही.

शनिवार

नवा चौकोन. नाव: बाळू. ३७.

मला बाळू फक्त ताई म्हणते. इथे हे नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. पुसायला गेलो तर तो अधिकार मुख्याचा. पासवर्ड चालत नाही. सर्व्हरची वायर उपटली तरी पडदा तसाच—

बोळाकडचं दार उघडत नाही. मीच जोडलेलं दार. फोन मुका, मोबाईलला आत सिग्नल नाही. दार बडवलं, पण यंत्रांच्या घरघरीत फाटकापर्यंत काय ऐकू जाणार. वरच्या झडपेतून थंड हवा येतेय, माझ्या खोलीत.

बाळू: ३५. आधीच्या माणसाचा स्वेटर घातला.

रविवार

बाळू: ३१. पेन धरवत नाही.

पाचव्या खोलीचं दार उघडं दाखवतंय. तिकडून ऊब येते. जाणार नाही—

ताईला कोणीतरी कळवा. येऊ नको म्हणावं. मीच सांगून बसलो ती येणार म्हणून, मीच—

फाटक: उघडं.

बोळात पावलं. बाळू, जेवलास का, असं बाहेरूनच विचारतेय. ओरडतोय, घशातून आवाज फुटत नाही. आणि तिचा आवाज ऐकून मेलं क्षणभर बरं वाटलं.

नवा चौकोन. ताई: ३७.

दार आपोआप उघ— सध्या हजर: तिघं

ताई, मागे फिर, आत नको ये—