मेन्नोचं स्वच्छ रक्त

१४ ऑक्टोबर

प्रिय इमके,

आईचा आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पुन्हा कागद. वाचतेस की तसाच टाकून देतेस ते देव जाणे, मी आपली लिहिते. इकडे सगळे ठीक. समुद्राकडून वारा सुटलाय आणि दुकानाचं दार रात्रंदिवस आपटतं. तुझ्या बाबांचे गुडघे दुखतात, पण विचारलं तर माझ्यावरच खेकसतात.

ब्रेमेनच्या रोपवाटिकेत तुला कायम केलं म्हणे. आल्बर्ट्सबाईंची भाची सांगत होती. आनंद वाटला. बाबा मात्र भर दुकानात म्हणाले, "जिच्या रक्तातच शिंका लिहिल्यात ती निघाली फुलांत राहायला! चार महिन्यांत परत येते की नाही बघा." गिऱ्हाइकं हसली. मीही हसले असेन, गल्ल्यामागे उभं राहिलं की हसावंच लागतं. तुझ्या कोपरांना अजून खाज येते का गं?

मेन्नो बरा आहे. भट्टी आता पूर्ण तोच बघतो. राय धान्याचा काळा पाव काही त्याला तुझ्यासारखा जमत नाही, पण लोक घेतात. थोडा खोकला आहे इतकंच. गंमत म्हणजे रविवारी दुकान बंद असलं की नसतो आणि सोमवारी पीठ चाळायला घेतलं की परत येतो. परवा पोतं ओतताना इतकी ढास लागली की तो जमिनीवरच बसला.

"ऊठ," बाबा म्हणाले. "नाटकं पुरे झाली."

"बाबा, छाती आवळून धरल्यासारखी होते."

"तुझी? तुझी छाती?" बाबांनी खण उघडून तो रक्ततपासणीचा कागद काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "वाच. मोठ्यानं वाच. धोका कमी. आमच्या म्हाताऱ्याचं रक्त वाईट होतं, तुझ्या बहिणीचं वाईट आहे. तुझं स्वच्छ आहे. तुला जो रोग झालाय ना, त्याला आळस म्हणतात."

मेन्नोनं खरंच मोठ्यानं वाचलं. मग हसला आणि कामाला लागला.

तो कागद तू विसरली नसशील. आजोबा पिठाच्या दम्यानं गेले, म्हणून बाबांनी तुम्हा दोघांना रक्त द्यायला पाठवलं आणि निकाल आला त्या दिवशी चहाच्या टेबलावरच बेकरी मेन्नोला दिली. तुला ती हवी होती. त्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करायची होती. जाऊ दे, उगाच जुनं उकरलं.

जमलं तर दोन ओळी लिही.

तुझी वाट बघणारी,
आई

९ जानेवारी

प्रिय इमके,

नवं वर्ष तुला सुखाचं जावो. यंदा नववर्षाच्या गोड, कुरकुरीत सुरळ्या मी एकटीनंच भाजल्या. जिन्यावर गार हवेला डबा भरून ठेवलाय, कोणी खात नाही.

कळवावं की नाही असं चाललं होतं, पण बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते. नाताळच्या आधी मेन्नोला इस्पितळात ठेवावं लागलं. आता घरी आहे. काळजीचं कारण नाही.

ओठ निळे पडले होते त्याचे. बाबा तेव्हाही म्हणत होते की खिडकी उघडा म्हणजे झालं. इस्पितळाची गाडी मी बोलावली, त्याबद्दल ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. ऐन नाताळच्या गर्दीत भट्टी दोन दिवस थंड राहिली ना.

तिथे डॉक्टर हिन्रिख्स म्हणून बाई आहेत, तरुण, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं आणि आम्हा दोघांना बसवून सांगितलं, "मेन्नोला बेकरीवाल्यांचा दमा आहे. गव्हाच्या आणि रायच्या पिठाविरुद्ध त्याच्या रक्तात आयजीई हा ॲलर्जीचा घटक फार वाढलाय. ॲलर्जीच्या पेशीही जास्त आहेत. त्यानं आता पिठात पाऊल ठेवायचं नाही."

बाबांनी खिशातून जुना कागद काढला. इस्पितळातसुद्धा घेऊन गेले होते बघ! "हे काय मग? हे खोटं?"

"खोटं नाही. जनुकांचा धोका कमी होता, आजही कमीच आहे. आयजीई तेव्हा कमी होता, आता नाही. रोज पहाटेपासून पीठ छातीत गेलं की शरीर त्याला वैरी मानायला शिकतं, चांगल्या रक्ताचं शरीरसुद्धा. हा कागद धोका किती ते सांगतो, काका. दमा होणारच नाही अशी हमी देत नाही."

"मला काका म्हणू नका," बाबा म्हणाले. "मी पाव विकतो तेव्हा चांगला आहे अशी हमी देतो."

मेन्नो पलंगावर पडल्यापडल्या हसला आणि त्या हसण्यानंच त्याला पुन्हा ढास लागली.

धंद्याच्या विम्यातून त्याला दुसरं काम शिकता येईल असं बाईंनी सांगितलं. त्याचा चेहरा कसा उजळला! अगदी इंजिनांचं नाव काढलं त्यानं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, ईस्टरचा हंगाम होऊ दे, मग बघू. तोवर दुसरा माणूस कुठून आणायचा? मेन्नो हो म्हणाला. तो नेहमी हो म्हणतो, तुझ्यासारखा नाही.

आता तो तोंडाला फडकं बांधून काम करतो. डॉक्टरांनी दम्याचा पंप दिलाय. पण तो खिशात ठेवायचा नाही असा बाबांचा हुकूम आहे. "गिऱ्हाइकाला दिसला तर? खोकणाऱ्याच्या हातचा पाव कोण खाईल?" म्हणून पंप वर त्याच्या खोलीत असतो. लागला तर जाऊन घेता येतो, जिना काही फार मोठा नाही.

तुला फोन करणार आहे म्हणत होता. निदान त्याचा तरी उचल.

तुझी,
आई

२७ एप्रिल

इमके,

हे पत्र लिहायला तुझ्या बापानं मला बसवलंय. काय लिहायचं तेही सांगितलंय, ते पुढे येईलच. तो पुढे दुकानात आहे.

चर्चमध्ये तू शेवटच्या बाकावर बसलीस आणि चहाला न थांबता निघून गेलीस. तू काही विचारलं नाहीस. मी सांगणार आहे.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी दुकान दारापर्यंत भरलं होतं. मनुक्यांचे पाव संपत आले होते. मागचं दार उघडून मेन्नो आला. एक हात चौकटीवर, दुसरा गळ्याशी. तोंडावरचं फडकं ओढून काढलेलं. तो काहीतरी बोलत होता, पण आवाजच येत नव्हता. मला वाटतं तो "वर" म्हणत होता. जिन्याकडे जायचं तर दुकानातूनच जावं लागतं.

तुझा बाप त्याच्या आडवा उभा राहिला. "गिऱ्हाइकांसमोर नको. आत जा."

आणि तो आत गेला, इमके. चोवीस वर्षांचा मुलगा, वळला आणि आत गेला. दार बंद झालं. आल्बर्ट्सबाई म्हणाल्या, "पोराला बरं नाही का?" तुझा बाप म्हणाला, "काल उशिरापर्यंत जागला असेल, दुसरं काय!" लोक हसले. मी आल्बर्ट्सबाईंचे पाव बांधले. त्यानंतरच्या बाईंचेही बांधले. मग मागून पाव भाजायचा पत्रा पडल्याचा आवाज आला आणि मी धावले. पिठाच्या पोत्यांमध्ये तो पालथा पडला होता. मी वर धावले, पंप आणला, तोंडाशी धरला. पण आत ओढून घ्यायला श्वासच उरला नव्हता.

दफनानंतर सगळे चहाला बसले तेव्हा तुझ्या बापानं कप खाली ठेवला आणि पाद्रीबाबांसमोर म्हणाला, "रक्ताच्या नळ्या बदलल्या होत्या. मला आता समजलं. वाईट रक्त मेन्नोचं होतं. इमके फुलांत राहते आणि एकदा शिंकत नाही, म्हणजे चांगलं रक्त तिचं. त्या लोकांनी माझ्या पोरांची अदलाबदल केली."

गरम चहात साखरेचे खडे तडकत होते. पोटच्या पोराला जमिनीत ठेवून तासही झाला नव्हता आणि हा त्याला नासका ठरवून मोकळा झाला.

मी डॉक्टर हिन्रिख्सबाईंकडे गेले. इस्पितळात मेन्नोचं रक्त राखून ठेवलेलं होतं. त्यातली जनुकं त्यांनी जुन्या कागदाशी ताडून पाहिली. कोणतीही नळी बदलली नव्हती. स्वच्छ रक्त त्याचंच होतं आणि धोक्याचं तुझं. मी ते घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, "ती बाई आपली चूक झाकते आहे." अजून तेच म्हणतो. रोज म्हणतो.

आता त्याचा निरोप. तू परत ये. बेकरी तुझी. वरची मोठी खोलीही तुझी. फक्त आधी एकदा नव्यानं रक्त तपासून घे, म्हणजे त्याची खात्री पटेल. झालं, निरोप संपला.

डॉक्टरबाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला झोपू देत नाही. धोका जास्त असलेला माणूस सहसा स्वतःला जपतो, म्हणाल्या, आणि घरचेही त्याला जपतात. म्हणजे बेकरीत तू राहिली असतीस तर तुझ्या पहिल्याच खोकल्याला तुझ्या बापानं तुला बाहेर काढलं असतं. कागदच तुझ्या बाजूनं बोलला असता. मेन्नोच्या बाजूनं फक्त त्याचा श्वास बोलत होता, आणि त्याच्यावर या घरात कोणाचा विश्वास नव्हता. वाईट रक्ताची मुलगी इथे जगली असती. चांगल्या रक्ताचा मुलगा मेला.

आता माझं.

फेब्रुवारीत मेन्नोनं तुला फोन केला होता. तू उचललास. ईस्टरपर्यंत थांबवत नाही, काही दिवस तुझ्याकडे राहू का, असं त्यानं विचारलं. तू म्हणालीस, "दुकान तुला मिळालंय ना? मग मर त्यातच."

त्यानंच मला सांगितलं, बटाटे सोलता सोलता, हसत. "इमके अजून रागावली आहे गं. बरोबरच आहे तिचं." त्यानं तुझ्याबद्दल वाईट एक शब्द काढला नाही. बॅग भरून ठेवली होती, ती रिकामी केली.

तू रागात बोललीस हे मला कळतं. दुकान त्यानं मागितलं नव्हतं हे तुलाही कळत होतं. मी पाव बांधत राहिले, बापानं दार लावलं, आणि तू त्याच्याही आधी लावलंस. तुझ्या बापाला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्याला ते फार आवडेल.

तू येऊ नकोस. तुझ्या बापाला मी सांगेन की तू नकार दिलास. तो तुला शिव्या देईल, त्या मी ऐकून घेईन. पण त्याच्यासाठी मी तुला अडवत नाहीये. मला सध्या तुझं तोंड बघवणार नाही. आरशातलं माझंही बघवत नाही, पण ते टाळता येत नाही, तुझं येतं.

हे कधी बदलेल का, मला माहीत नाही. बदललं तर मी लिहीन. तोवर तू लिहू नकोस.

तुझा जीव सांभाळ. आता मला एकच मूल उरलंय, आणि ते तू आहेस.

गेझीने