सुजाताचा कान

११ नोव्हें.
सुजाता आली. शेगावले गाडीतून उतरली ती डाव्या कानात कापूस घालून. कोकणच्या समुद्रात बुडालेल्या एका जुन्या जहाजाच्या उत्खननाचं काम करते, तिथंच पाण्याखाली कानाचा पडदा फाटला. मेहकरच्या बसमध्ये मी मोठ्यानं बोलत होतो. "काऊन ओरडून राह्यला? बहिरी नाही झाली मी."
बायको खरंच बहिरी झाली असती तर?

१२ नोव्हें.
शेजारच्या काकू दारातूनच, "सोनं भेटलं का वं?"
सु. म्हणे, "भेटलं ना काकू, पण माशाईनं आणू देलं नाही." काकूंना खरं वाटलं. खरं म्हणजे मातीचे रांजण, अन् एक लाकडी कंगवा. कुण्या खलाशाचा. दिवसभर त्या कंगव्याचंच बोलत होती.

३ डिसें.
डॉक्टर म्हणाले, पडदा भरत आलाय. पण परत खोल गेल्या तर कान कायमचा जाऊ शकतो. घरी आल्यावर मी म्हटलं, "सोड आता हे. कॉलेजात शिकव." जेवली नाही. वांग्याची भाजी तिच्यासाठीच केली होती.

५ डिसें.
बोलली एकदाची. जहाजाचा मागचा भाग वाळूतून थोडा थोडा उघडा पडू लागलाय. पुढच्या पावसाळ्यात राहील की नाही, सांगता येत नाही. "माणसं होती रे त्याच्यावर. त्यायचं काई तरी वर आलं पाह्यजे ना?"
 मले विहिरीत वाकून पाह्याचीही भीती.

२० जाने.
पुन्हा तपासणी. "उतरा, पण खात्री देत नाही."
बाहेर आल्यावर सु., "तू नाही म्हण, मी नाही जात."
असं कोणी माणसावर टाकतं का? शाळेत दिवसभर 'नाही' तोंडाशी होतं. संध्याकाळी माळ्यावरून तिची बॅग काढली, धूळ झटकली. हसता हसता रडली. मग मीही.

२ फेब्रु.
सकाळी तिचा मेसेज, 'उतरते'. चौथीले गुणाकार देऊन बसलो. स्वतःच फळ्यावर चुकलो, पोरं हसली.
मधल्या सुटीत फोन. वाऱ्याचा आवाज, मागं लोकांचा गलका.
"सापडला रे! अख्खा मागचा भाग! सुकाणूसुद्धा!"
"अन् कान? कान कसा आहे?"
"काय?"
"कान, कान!"
"थांब, दुसऱ्या कानाले लावते."
मग बोलतच राहिली, लहान पोरीसारखी. आधी फोन कोणत्या कानाले होता, ते काही विचारवलं नाही. नुसता हो हो करत राहिलो.